बांधाच्या टोकापर्यंत

"झोप लागते का?" असं त्या बाईने ह्यांना पहिल्याच दिवशी विचारलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. परक्या पुरुषाची झोप विचारणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. दवाखाना म्हटला की डॉक्टर असतो. तो दंडाला पट्टा बांधतो, पट्टा फुगवतो, आकडा बघून तोंड वाकडं करतो, "मीठ कमी करा म्हटलं होतं ना?" असं खेकसतो आणि गोळ्या लिहून देतो. बोलणी खाल्ली की आपण मोकळे. ही बाई खेकसतही नव्हती आणि औषधही देत नव्हती. पूर्वी मोडक्या खाटा ठेवायचे त्या कडेच्या खोलीत ती खुर्च्या मांडून बसायची. मधे टेबलसुद्धा नाही.

"समुपदेशन म्हणतात त्याला," दवाखान्याचा शिपाई म्हणाला. "बीपीच्या सगळ्या पेशंटनी जायचं."

"म्हणजे करतात काय?"

"गप्पा मारतात, दुसरं काय!"

आता मला सांगा, नुसत्या गप्पा मारायला कोणी पगारी बाई ठेवील का? उठता कधी, काम काय करता, घरात कोण कोण, कशाची काळजी वाटते, असं ती एकेक विचारत होती. चेहरा असा की जन्मभराची ओळख. बरं, लिहीतही काही नव्हती. लिहिणारं माणूस एक वेळ परवडतं, निदान लिहितंय हे तरी दिसतं. ही सगळं डोक्यात ठेवत होती.

"काळजी कसली? सगळं झकास आहे," हे म्हणाले.

"आणि गोळ्या? रोज जमतात घ्यायला?"

"रोज. न चुकता."

मी शेजारी बसून मान डोलावली. बाईने माझ्याकडे वळून बघितलं. "काकू, तुमचंही बघू या का बीपी? बसल्याच आहात तर."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय?" मी हात ओच्यात घेऊन बसले. नवऱ्याचं गळ्याशी आलेलं काय कमी होतं, म्हणून माझंही तिच्या हातात देऊ?

गळ्याशी आलेलं म्हणजे काय ते सांगते. आमची खोली मिठागराच्या बांधाला लागून. भिंती आमच्या हातांनी लिंपलेल्या, पण खोली मिठागराची. ज्याच्याकडे वाफे, त्याच्याकडे खोली. हंगाम सरत आला की पुढच्या हंगामाला वाफे कोणाला द्यायचे ते मुकादम ठरवतो, मालक नुसती मान हलवतो. गेल्या साली शेजारच्या खोलीतल्या लांबट्याचं बीपीने तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात लुळा पडला. मुकादम त्याला बघायला गेला, फळं घेऊन गेला, "लवकर बरा हो रे" म्हणाला, आणि हंगाम संपल्यावर त्याचे वाफे दुसऱ्याला देऊन मोकळा झाला. आता लांबट्याची बायको हमरस्त्याच्या कडेला चार पत्र्यांखाली राहते. येता-जाता दिसली की मी मान दुसरीकडे वळवते, कारण तिच्या जागी मला मीच दिसते. आमच्या घरात बीपी शिरलंय हे मुकादमाला कळलं तर आमची वळकटी तिच्या शेजारी पडणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दवाखान्याला निघालो आणि कोणी विचारलं की आम्ही "बाजारात" म्हणायचो.

ह्यांना मिठागरावर सगळे चाख्या म्हणतात. खाडीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, मग उन्हाने आटेल तसं एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचं. शेवटच्या वाफ्यात ते कधी सोडायचं हे ह्यांनी ठरवायचं. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "पिकलं." लवकर सोडलं तर मीठ धरत नाही, उशीर झाला तर कडवट होतं. हे दुपारपर्यंत ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात चाखत हिंडतात. आणि चाखलेलं गिळतात, कारण वाफ्यात थुंकायचं नाही हा आमच्याकडचा नियम. चप्पल नाही, थुंकणं नाही, लघवीचं तर नावच काढायचं नाही. लोकांच्या ताटात जाणारी वस्तू आहे ती. ज्याला लागेल त्याने बांधाच्या टोकापर्यंत चालत जायचं, तिथे खाडीच्या काठाला झुडपं आहेत. बांध लांबलचक आणि उघडाबोडका. कोण चाललंय आणि कशाला चाललंय हे साऱ्या मिठागराला दिसतं. आम्ही बाया तर उजाडल्यापासून पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही. टोपल्या वाहायच्या, घाम गाळायचा आणि दुपारी घरी आल्यावर आडोशाला जायचं. लग्न होऊन आल्यापासून हे असंच. कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

आता डॉक्टरने ह्यांना जी गोळी दिली होती ती लघवी करवणारी. "सकाळी उठल्याबरोबर घ्या," तो म्हणाला होता. पहिल्या दिवशी ह्यांनी घेतली आणि कामाला गेले. मी डोक्यावर टोपली घेऊन बांधावर होते. हे बिचारे एकदा टोकाला गेले, परत येऊन बोट बुडवतात न बुडवतात तोच पुन्हा निघाले, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला मिठाच्या ढिगाजवळच्या बाया फिदीफिदी हसल्या. मुकादम मोटारसायकलवर बसून ओरडला, "काय चाख्या, टोकाला सासुरवाडी काढलीस की काय?"

सगळे खो खो हसले. हे पण हसले. पण मी ह्यांचे कान बघितले, लाललाल झाले होते. तेवढ्यात तिकडे एका वाफ्याचं पाणी सोडायला उशीर झाला आणि मीठ कडवट निघालं. असं ह्यांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

मुकादमाला नावं ठेवायला काय जातंय! तो स्वतः दर थोड्या वेळाने फटफटी काढून टोकाच्या दाराकडे जायचा. खाडीचं पाणी अडवायचं मोठं लाकडी दार आहे तिथे. "दार बघून येतो," म्हणायचा. त्याला कोणी सासुरवाडी विचारली नाही. मालकाचा माणूस, दाराची काळजी त्याला नको तर कोणाला?

त्या दिवसापासून ह्यांनी कामाच्या दिवशी गोळी बंद केली. सुट्टीच्या दिवशी तेवढी घ्यायची आणि दवाखान्यात "रोज घेतो" म्हणायचं. तिकडे आकडा काही उतरेना, म्हणून डॉक्टरने आणखी एक गोळी जोडून दिली. म्हणजे बघा, न घेतलेली गोळी कमी पडते म्हणून दुसरी! हे दुसरीही घेईनात. रात्री डोकं धरून बसायचे, मानेची शीर ताठ व्हायची. मी तेल चोळून द्यायचे आणि आतल्या आत जळायचे. भाजी अळणी करायचे, दुसरं काय माझ्या हातात होतं? दाराबाहेर मिठाचे डोंगर आणि घरात अळणी भाजी, अशी आमची तऱ्हा.

दुसऱ्या खेपेला बाई म्हणाली, "काका, एक दिवस कसा जातो तो मला सांगाल? अगदी उठल्यापासून."

"उठतो, कामाला जातो, येतो, जेवतो, झोपतो."

"कामावर पाणी किती पिता?"

"पितो की, लागेल तेवढं."

"आणि लघवीला जायचं तर? जवळ सोय आहे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पायाच्या अंगठ्याने ह्यांचा पाय दाबला. "सगळी सोय आहे," हे म्हणाले.

खोटं बोलता असं बाई म्हणाली नाही. नुसती थांबली, जणू अजून काहीतरी येईल म्हणून. तिचं ते थांबणं मला भारी धोक्याचं वाटलं. पोलीससुद्धा असेच थांबतात म्हणे.

बाहेर पडलो. हे गोळ्यांच्या रांगेत उभे राहिले आणि मी मागच्या बाजूला नळावर पाय धुवायला गेले, तर मागच्या भिंतीला मुकादमाची मोटारसायकल! सीट फाटलेली, तिला निळी चिंधी बांधलेली, शंभरात ओळखू येते. मी नळ तसाच सोडला आणि भिंतीआड झाले. थोड्या वेळाने मुकादम त्या बाईच्या खोलीच्या मागच्या दाराने आत गेला. इकडेतिकडे बघत, मांजरासारखा. दार लागलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पण शब्द कशाला कळायला हवेत? सगळा उलगडा झाला. आमचं सगळं ती त्याच्या कानावर घालत होती.

ह्यांना मी तिथे काही बोलले नाही. मुकादम निघून गेल्याची फटफट ऐकली आणि एकटी त्या खोलीत शिरले.

"मुकादम इथे कशाला आला होता?"

बाई पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला. "काकू, बसा ना."

"बसायला नाही आले मी. कशाला आला होता तो?"

"ते मी सांगणार नाही."

"का?"

"इथे कोण येतं आणि काय बोलतं, ते मी कोणालाच सांगत नाही."

"वा! म्हणजे चोरी पकडली की तोंडाला कुलूप!" माझा नुसता तिळपापड झाला. "आमचं सगळं विचारून घेता, झोप विचारता, लघवी विचारता, आणि मागच्या दाराने त्याला सांगता. खाल्ल्या मिठाला जागता, पण कोणाच्या? त्याच्याच ना?"

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, बोचलं. "मी कोणाला काही सांगितलेलं नाही काकू. पण तुमचा विश्वास बसत नसेल तर मी जबरदस्ती कशी करणार?" एवढंच म्हणाली. विश्वास म्हणे!

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून तळपायाच्या भेगा खरवडत राहिले. भेगांत मीठ जाऊन जाऊन ह्यांचे तळपाय लाकडासारखे झालेत.

"आता?" मी विचारलं.

"आता काय! हंगाम संपेपर्यंत आकडा नीट दिसला पाहिजे. मग बघू."

आणि माझी भीती खरी ठरली. त्याच आठवड्यात मुकादमाने ढिगावर उभं राहून सांगितलं, "परवा ऑफिसच्या पडवीत बीपीची तपासणी आहे. दवाखान्याची माणसं येणार. सगळ्यांनी दंड दाखवायचा, कोणी गैरहजर राहायचं नाही." माझ्या शेजारी उभी असलेली ठेंगणी म्हणाली, "बरं झालं बाई, फुकटात होतंय." तिला काय कळतंय? वाफे वाटायचे दिवस तोंडावर आलेले आणि नेमकी आत्ताच मुकादमाला आमच्या दंडांची आठवण व्हावी? मालकाने चाळण लावलीय, मी मनात म्हटलं. खडे बाजूला काढणार, आणि त्यातला पहिला खडा आमच्या घरातला.

तपासणीच्या दिवशी पहाटे मी चूल पेटवत होते. मागे कागदाचा चुरचुर आवाज आला. हे गोळ्यांचं पाकीट घेऊन बसले होते आणि एकेक गोळी फोडून तळहातावर काढत होते.

"अहो, हे काय? किती घेताय?"

"राहिलेल्या आहेत त्या. भरून काढतो."

"असं चालतं का?"

"खाडा पडला की आपण दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करून भरून काढतोच ना? गोळीचं काय वेगळं?"

आता हसावं की रडावं? पण तेव्हा मला ते पटलंच. आमचं अख्खं आयुष्य खाडे भरून काढण्यात गेलं. ह्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या आणि घोटभर पाण्याने गिळल्या. घोटभरच. जास्त पाणी प्यायलं की टोकाला जावं लागणार, आणि आज तर दवाखान्याची माणसं, मुकादम, सगळे बघणार. त्यातल्या त्यात शहाणपण म्हणून तांब्याही ह्यांनी घरीच ठेवला.

ऊन त्या दिवशी सकाळीच चढलं. पांढऱ्या मिठावरून ते डोळ्यात उलटं घुसतं, खाली बघवत नाही आणि वर बघवत नाही. तरी हे टोकाला गेलेच, तोंड चुकवत गेले. परत आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी टोपली टाकून जवळ गेले. "बसा जरा," म्हटलं.

"पाणी पिकलंय. सोडायला हवं."

हे वाफ्याचं पाणी अडवायची फळी उचलायला वाकले. फळी निघाली, पाणी सुटलं, हे सरळ उभे राहिले आणि उभेच्या उभे कोसळले. तोंड वाफ्यात, अंगाखाली पाणी वाहतंय. मी किंचाळले. कशी पळाले ते आठवत नाही, आठवतंय ते एवढंच की ह्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं तेव्हा भुवयांवर मिठाचे कण होते आणि हात बर्फासारखे गार. फळी लावायचं कोणाला सुचलं नाही. सुटलेलं पाणी शेजारच्या वाफ्यात शिरलं आणि तिथलं गोळा करायचं तयार मीठ विरघळू लागलं.

मुकादमाने फटफटी वाफ्याच्या कडेपर्यंत आणली. मीठ जाताना बघितलं, मग ह्यांना बघितलं. "उचला रे!" ओरडला. चौघांनी ह्यांना उचलून ऑफिसच्या पडवीत आणलं. तिथे दवाखान्याची नर्स पट्टा घेऊन बसली होती आणि शेजारी ती बाई. नर्सने पट्टा बांधला, फुगवला, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"फार खाली गेलंय," ती म्हणाली. "गाडी बोलवा. पाय उंच करा."

मला काही कळेना. इतके दिवस वर वर म्हणून ओरडत होते, आज खाली? खाली म्हणजे चांगलं ना? पण नर्सचा चेहरा चांगल्याचा नव्हता.

बाई माझ्यासमोर उकिडवी बसली. "काकू, सकाळपासून काकांनी काय घेतलं? औषध, काही?"

मी वर बघितलं. मुकादम कमरेवर हात ठेवून ह्यांच्या डोक्याशी उभा होता. मी सांगावं तर वाफे गेले, खोली गेली, हमरस्ता आला. न सांगावं तर... ह्यांची मान माझ्या हातात लुळी पडली होती.

बाईने माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. ती उठली आणि मुकादमाला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"मी? इथला मुकादम आहे मी."

"हो. बाहेर थांबा. आणि उन्हात उभे राहू नका, सावलीत बसा." आवाज चढवला नाही. पण मुकादम, जो मालकाचंसुद्धा पुरतं ऐकून घेत नाही, तो मुकाट्याने पडवीची पायरी उतरला आणि बदामाच्या झाडाखाली जाऊन बसला. का, ते कळायला मला वेळ नव्हता. बाईने सगळ्यांना मागे सारलं आणि कान माझ्या तोंडाशी आणला.

मी सांगितलं. खाडे भरून काढल्याचं सांगितलं, तांब्या घरी ठेवल्याचं सांगितलं. सांगताना मला रडू फुटलं आणि मी तिच्याच खांद्यावर डोकं टेकलं. जिला शिव्या घातल्या तिच्याच.

दवाखान्यात ह्यांना सलाईन लावलं. संध्याकाळी हे शुद्धीवर आले आणि पहिला शब्द काय? "फळी लावली का?" मी कपाळावर हात मारला. डॉक्टर आला आणि त्याच्या पद्धतीने वाजवून गेला, "मरायचंय का तुम्हाला?" म्हणाला. ते मला बरं वाटलं, ओळखीचं वाटलं. मग बाई आली, खाटेच्या कडेला बसली. मी तिच्याही ओरडण्याची वाट बघत होते.

"काका," ती म्हणाली, "गोळी सकाळी घेतली की कामावर काय होतं?"

आणि ह्या बाबाने सांगितलं की हो सगळं! टोक सांगितलं, सासुरवाडी सांगितली, हसणाऱ्या बाया सांगितल्या, कडवट निघालेला वाफा सांगितला, चाखून गिळायचं सांगितलं. इतकं तर मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी बोलले नाहीत. सगळं झाल्यावर बाई म्हणाली, "दुपारी कामावरून घरी आल्यावर घेतली तर?"

हे उशीवरून अर्धे उठले. "तसं चालतं?"

"डॉक्टरांना विचारते. पण राहिलेल्या कधी भरून काढायच्या नाहीत. राहिली ती राहिली. आणि पाणी प्यायचं, ते सोडायचं नाही."

ती जाऊन विचारून आली. डॉक्टर म्हणाला, चालतं. एक गोळी त्याने कमीसुद्धा केली, कारण पहिली रोज पोटात गेली तर दुसरी लागेलच असं नाही म्हणे. चाखण्याचं काय करायचं ते मात्र बाईने ह्यांनाच विचारलं. "मला तुमचं काम येत नाही, तुम्हीच सांगा काय जमेल." ह्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "खांद्यावर ओलं फडकं ठेवतो. चाखलं की जीभ पुसून टाकायची. थुंकलं असंही नाही आणि गिळलं असंही नाही." एवढी साधी गोष्ट! त्यासाठी मरून परत यावं लागलं.

पण खरं संकट अजून दारात यायचं होतं, आणि ते तिसऱ्या दिवशी आलं. आम्ही घरी आलो होतो. दिवेलागणीला फटफटीचा आवाज आला आणि दारासमोर थांबला. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. भांडी कोणती आधी बांधायची ते माझ्या मनात सुरू झालं.

मुकादम उंबऱ्यात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. टोपी काढून हातात फिरवत होता.

"बरं आहे का आता?"

"बरं आहे," हे म्हणाले.

"वाफ्याचं गेलं ते गेलं. मालकाला मी सांगितलंय, बांध फुटला म्हणून." मग आवाज एकदम बारीक करून, बाहेर कोणी नाही ना असं बघत, तो म्हणाला, "चाख्या, ती गोळी... शिपाई म्हणत होता, दुपारी घेतली तरी चालते म्हणे?"

हे नुसते बघत राहिले. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. टोकाचं दार! दर थोड्या वेळाने फटफटी काढून दार बघायला जाणारा मुकादम! मागच्या दाराने मांजरासारखा शिरणारा मुकादम! सावलीत बस म्हटल्यावर मुकाट्याने बसणारा! ती बाई आमचं त्याला सांगत नव्हती आणि त्याचं आम्हाला सांगत नव्हती. मी तोंडावर शिव्या घातल्या, तेव्हा एक शब्द बोलली असती तर स्वतः सुटली असती. पण नाही बोलली.

"चालते," हे म्हणाले. "पण डॉक्टरला विचारून. आणि राहिलेली भरून काढायची नाही."

"छे छे," मुकादम म्हणाला. टोपी घातली, पायरी उतरला आणि परत वळला. "आणि हो. बांधाच्या मध्यावर एक आडोसा घालतोय. पक्का, दार लावून, खाली टाकी पुरून. टोकापर्यंत जायला नको. मालकाला सांगितलंय, बायांसाठी हवा म्हणून."

बायांसाठी! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्म गेला आमचा घसा कोरडा ठेवण्यात, पोटं धरून टोपल्या वाहण्यात, तेव्हा कोणाला आडोसा सुचला नाही. मुकादमाला स्वतःला लागायला लागली तेव्हा बाया आठवल्या.

"मुकादम," मी म्हटलं, "बायांसाठी आहे ना? मग कडी आतून लावा. आणि बाया आत असताना तुम्ही टोकालाच जा."

हे खोकल्यासारखं करून हसले. मुकादमाने माझ्याकडे बघितलं आणि टोपी कपाळावर ओढली. फटफटी सुरू करून गेला. वाफे राहिले का, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण वाटपाच्या दिवशी ह्यांचं नाव ह्यांच्याच वाफ्यांवर आलं. आडोसाही झाला. कडी बाहेरून लावली होती मेल्याने. मी ठेंगणीला घेऊन गेले आणि ओरडून ओरडून ती आतून करून घेतली. पुरतं बांधून होईपर्यंत माझा कशावर विश्वास नव्हता, आणि अजूनही पूर्ण आहे असं म्हणणार नाही.

हे आता दुपारी जेवून गोळी घेतात आणि खांद्यावरच्या फडक्याने जीभ पुसत हिंडतात. मुकादम चाख्याऐवजी दुसरं नाव शोधतोय ह्यांना, त्याला अजून मिळालेलं नाही.

पण माझंच एक राहिलं होतं. हंगाम संपता संपता दुपारच्या वेळी माझं डोकं जड पडायला लागलं, कानात घुंई व्हायला लागलं. ह्यांना सांगितलं नाही. बाजारात जाते म्हणून निघाले आणि दवाखान्याच्या मागच्या दाराने आत शिरले, इकडेतिकडे बघत, मांजरासारखी.

बाई एकटीच होती. मी खुर्चीवर बसले, बाही वर सारली आणि दंड तिच्यासमोर धरला.

"बघा," म्हटलं. "पण काय निघेल ते मुकादमाला सांगायचं नाही."

तिने पट्टा बांधला, नीट घट्ट केला आणि माझ्याकडे बघून अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "कुठला मुकादम?"